डायलमागची तार

इनामगावचं नाव निघालं की घोड नदीकाठचं उत्खनन आठवतं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. संपादकांनी मला धाडलं ते मात्र एका पत्र्याच्या शेडमध्ये. ट्रॅक्टरच्या उघड्या स्टार्टरांशेजारी तिथे मर्सिडीज डब्ल्यू १२४ उभी होती. टेल्कोच्या भागीदारीत १९९५ पासून हीच गाडी पुण्यात तयार होऊ लागली. माझं लक्ष मात्र गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हातातल्या लहानशा वस्तूवर खिळलं होतं.

डायलच्या उजेडाचा रिओस्टॅट. मीटरच्या काचेबाहेर एकच दांडी येते: दाबली की ट्रिप मीटर शून्यावर, फिरवली की उजेड कमी-जास्त. आत बारीक तारेचे वेढे आणि त्यांवर सरकणारी पट्टी. वर्षानुवर्षं दांडी कुणी फिरवत नाही, तारेवर थर चढतो, करंट अडतो. अडतो थोडाच, पण फिलामेंटचा बल्ब फार हळवा. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. लोक बल्ब बदलत बसतात.

मिस्त्रींनी कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि मल्टिमीटरवरचा आकडा उड्या मारायचा थांबेपर्यंत दांडी फिरवत राहिले.

“त्यापेक्षा वायर टाकून डायरेक्टच करा की,” गाडीचे मालक म्हणाले.

“येतंय करता, दादा. पण मग पुढची ट्रॉली दिसायची नाही.”

ते अगदी खरं आहे. अंधाराला डोळा पुरता सरावायला २०-३० मिनिटं लागतात. गळीत हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली समोर असते, तेव्हा डोळ्यापुढे झगझगीत डायल नकोच. उजेड वाढवता यायला हवा, तसा उतरवताही.

तिथेच अडचणी सुरू होतात. जास्त वॅटचा बल्ब लावला तर उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडतं. एलईडी इतका कमी करंट घेतो की जुन्या रिओस्टॅटला तो नीट मंद करता येत नाही. त्याला वेगळा इलेक्ट्रॉनिक डिमर लागतो. चार्जिंगच्या दिव्याला तर हातच लावायचा नाही. त्याच बल्बातून आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. तिथे एलईडी बसवला तर चार्जिंग धरेलच असं नाही. शिवाय मीटर बाहेर ओढताना मागची स्पीडोमीटरची केबल ताणली जाते.

मिस्त्रींनी मूळ वॅटचेच बल्ब बसवले. रिओस्टॅटची तार एका टोकाला झिजलेली होती. ती तुटली तर भंगारातलं मीटर शोधावं लागेल, आणि त्यातला रिओस्टॅटही याच वयाचा असणार.