सोपा पासवर्ड म्हणजे उघडे दुकान

रात्री दुकान वाढवताना शटरचे कुलूप दोनदा ओढून पाहणारे आपले व्यापारी बांधव फेसबुक, इन्स्टाग्रामवरील दुकानाच्या खात्याला मात्र मुलाचे नाव किंवा मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवतात. कारागिरांच्या ऑर्डरीही आता याच खात्यांवरून येऊ लागल्या आहेत. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत घडलेला प्रकार पाहा. ट्विटर कंपनीच्या (२०२३ पासून तिचे नाव ‘एक्स’) एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता ‘हॅपिनेस’, म्हणजे शब्दकोशातला साधा शब्द. अठरा वर्षांच्या एका तरुणाने संगणकाकरवी रात्रभर एकामागून एक इंग्रजी शब्द लावून पाहिले. कितीही वेळा चुकले तरी ट्विटर दार बंद करीत नव्हते. सकाळपर्यंत किल्ली लागली. त्या कर्मचाऱ्याला इतरांचे पासवर्ड बदलण्याचा अधिकार होता. त्यामुळे नियोजित राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांसह ३३ खाती परक्या हाती गेली आणि ओबामांच्या नावाने ५०० डॉलरच्या फुकट पेट्रोलचे आमिष जाहीर झाले! पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या ढिलाईबद्दल कंपनीला धरले. सुरक्षेची त्रयस्थ तपासणी कंपनीला मान्य करावी लागली.

डिसेंबर २००९ मध्ये ‘रॉकयू’ कंपनीकडील ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. त्यात सर्वाधिक लोकांचा पासवर्ड निघाला ‘१२३४५६’. चोर पहिली किल्ली हीच लावणार, हे उघड आहे.

ओबामांच्या नावाने जे झाले ते आपल्या दुकानाच्या नावानेही होऊ शकते. खाते हाती आले की चोर आपल्या नावाने गिऱ्हाइकाकडे बयाणा मागेल. गिऱ्हाईक पैसे देईल ते आपल्यावरील विश्वासाने, आणि बाजारातली पत जाईल ती आपली.

उपाय बिनखर्चाचे आहेत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करा. प्रत्येक खात्याला वेगळा ठेवा. ईमेलचा तर विशेष जपा, कारण पासवर्ड बदलण्याचा दुवा तेथेच येतो. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून ती कपाटात कुलूपबंद ठेवा. खात्याच्या सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करा, म्हणजे पासवर्ड ओळखला तरी चोर दाराबाहेरच अडेल. ओटीपी कोणालाही सांगू नका. खाते हाताळणारा नोकर काम सोडून गेला, तर त्याच दिवशी पासवर्ड बदला.

आज दुकान वाढवल्यावर एवढे काम उरकून घ्या, ही आमची विनंती.