काहिलीतल्या गोडीचे रसायन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उसाचा रस काहिलीत आटवून गूळ होतो आणि त्याच रसाची कारखान्यात साखर होते. या दोन्हींतला मुख्य पदार्थ सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या एकेका रेणूची जोडी, असल्यामुळे ज्यांना फ्रुक्टोज वर्ज्य आहे त्यांनी साखर सोडून गूळ खाण्यात काहीच हाशील नाही. लहान आतड्यात ही जोडी फुटते आणि फ्रुक्टोज, म्हणजेच फलशर्करा, मोकळी होते.

गुऱ्हाळात तर ही फूट आधीच सुरू झालेली असते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला किंवा आंबूस रस काहिलीत उकळला, की सुक्रोज तुटू लागते. रसात चुन्याची निवळी घालतात ती मळी वर यावी म्हणून, तशीच हा आंबूसपणा मारण्यासाठीही. मोकळी झालेली फलशर्करा हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणूनच शिळ्या उसाच्या गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते. गूळ होण्याआधीच उतरवलेल्या काकवीतही हीच शर्करा असते.

मधाची गोष्ट निराळी आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले आणि तेथील मधाची ख्याती रास्तच आहे; परंतु मधात साधारणतः 38 टक्के फ्रुक्टोज आणि 31 टक्के ग्लुकोज असते. ज्यांच्या आतड्यात फलशर्करा पुरेशी शोषली जात नाही त्यांना हे वरचे प्रमाण बाधते, कारण सोबत ग्लुकोज असेल तर शोषण सुधारते आणि न शोषलेली फलशर्करा मोठ्या आतड्यात आंबून पोट फुगवते. तासगावकडच्या बेदाण्यांतही ती भरपूर असते.

मक्याच्या पिष्टापासून होणारे ग्लुकोज सिरप फ्रुक्टोजविरहित असते. मात्र त्यावर विकराची प्रक्रिया करून ग्लुकोजचा काही भाग फ्रुक्टोजमध्ये बदलला, की शीतपेयांत वापरले जाणारे दुसरेच सिरप तयार होते. ‘साखरविरहित’ मिठाईतले सॉर्बिटॉल तर यकृतात जाऊन फ्रुक्टोजच होते, त्यामुळे वेष्टनावरची घटकांची यादी वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

जन्मजात फ्रुक्टोज-असह्यता हा विरळा आनुवंशिक विकार फलशर्करा न शोषली जाण्याच्या तक्रारीहून गंभीर आहे. यकृतातील अल्डोलेज-बी या विकराच्या अभावी फ्रुक्टोजचे पुढचे विघटन अडते, रक्तातील ग्लुकोज घसरते आणि यकृताला इजा होते. आईच्या दुधातील लॅक्टोजमध्ये फ्रुक्टोज नसल्याने अंगावर पिणारे बाळ सुखरूप असते, पण मधाचे बोट चाटवले किंवा उष्टावणानंतर गुळाची पेज सुरू झाली की उलट्या होऊ लागतात. (एक वर्षाच्या आत मध देणे तसेही धोक्याचेच.) यातून वाचलेली मुले पुढे गोडाला स्वतःहून नकार देतात आणि त्यांचे दात बहुधा न किडलेले आढळतात. सणाच्या पानावर पुरणपोळी दूर सारणाऱ्या अशा मुलाला घरात हट्टी म्हटले जाते, वास्तविक त्याचे शरीर दुखणे कधीच ओळखून बसलेले असते.