शब्द आधी पिंजावा लागतो

इंग्रजीचा शब्दसंग्रह कसा वाढवावा, हा आजचा विषय. मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण या भाषेने तरुणपणी मला एकदा चांगलाच घाम फोडला. त्यातून जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

बी. ए. झाल्यावर मी एका मुलाखतीला गेलो. त्याआधी सहा महिने रोज तीस शब्द पाठ करण्याचा नेम होता. एकेक भारदस्त शब्द, पुढे त्याचा एक मराठी अर्थ. वही भरली होती. साहेबांनी इंग्रजीतून साधाच प्रश्न केला, वडील काय करतात? माझे वडील पिंजारी. खांद्यावर धुनकी घेऊन गावोगाव गाद्या-रजया भरायचे. शेकडो शब्द तोंडपाठ, पण कापूस पिंजण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते काही आठवेना. मी म्हणालो, 'माय फादर बीट्स कॉटन.' म्हणजे वडील कापसाला मारतात! सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर अब्बांनी विचारले, 'क्या पूछे रे?' मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मला हवा असलेला शब्द होता 'कार्ड'. पिंजणे, विंचरणे. पोस्टकार्डातल्या कार्डाशी याचे नाते नाही. लॅटिनमध्ये एका काटेरी झुडपाचे नाव 'कार्डुस', त्यावरून हा आला. तशा काटेरी बोंडांनी पूर्वी लोकर विंचरत असत. हे कळले त्या दिवसापासून तो शब्द मी विसरलो नाही. तेव्हाच लक्षात आले की यादी पाठ करणे म्हणजे सरकीसकट कापूस गादीत भरणे. गादी फुगते, पण पाठीला टोचते. शब्द आधी पिंजावा लागतो.

पिंजायचा म्हणजे काय करायचे? पहिली गोष्ट, त्याचे कूळ पाहायचे. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेऊ. 'कॉटन' हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. अरबीतला 'कुत्न' युरोपात गेला आणि 'कॉटन' झाला. आपण ज्याला जिनिंग म्हणतो, त्यातले 'जिन' म्हणजे 'एंजिन' या शब्दाचेच आखूड रूप. आणि एंजिनाच्या मुळाशी आहे लॅटिनमधला 'इंगेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. त्याच घरातला 'इंजिनिअस' म्हणजे कल्पक, हुन्नरी. याचाच एक भाऊबंद आहे 'इंजेन्युअस'. तो मात्र भोळाभाबडा, निष्कपट. दोघांत गल्लत केली तर हुशार माणसाला आपण भोळसट ठरवून बसू.

आणखी एक घराणे पाहा. लॅटिनमध्ये विणण्याला 'टेक्सेरे' म्हणतात. त्यातून कापडाचा 'टेक्स्टाइल' आला आणि लिखाणाचा 'टेक्स्ट'ही आला. 'टेक्श्चर' म्हणजे पोत. 'काँटेक्स्ट' म्हणजे सोबत विणलेले, संदर्भ. 'प्रीटेक्स्ट' म्हणजे पुढे विणून धरलेला पडदा, सबब. एक धागा ओढला की पाच शब्द हाती येतात. पाच वेगळे शब्द घोकण्यापेक्षा हे सोपे, आणि टिकणारेही.

दुसरी गोष्ट, शब्दाची सोबत. आपण 'कडक चहा' म्हणतो, 'कठीण चहा' म्हणत नाही. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. अर्थ बरोबर असूनही सोबत चुकली की वाक्य परके वाटते. माझ्या 'बीट्स कॉटन'चे तेच झाले. म्हणून शब्द एकटा टिपू नका, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट टिपा.

तिसरी गोष्ट, शब्दाचे वजन. वरच्या पायरीचा शब्दसंग्रह म्हणजे जड शब्दांचा साठा, असा एक गैरसमज आहे. खरे तर नेमके वजन ओळखणे, ही वरची पायरी. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन आठवा. लाल व पिवळ्या खुणेवर 'पॉयझन' असे लिहिलेले असते आणि लाल खुणेवर कवटीही असते. निळ्या खुणेवर 'डेंजर' आणि हिरव्या खुणेवर 'कॉशन'. विष, धोका, सावधान अशी ही उतरंड आहे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, ती सगळी शब्दांत सापडणार नाहीत. पण घरात एक जण तरी डब्यावरचा मजकूर नीट वाचून समजावणारा असावा, असे तेव्हापासून मला फार वाटते. 'इन्हेल' म्हणजे श्वासातून आत घेणे, 'अँटिडोट' म्हणजे उतारा. हे शब्द परीक्षेत येवोत न येवोत, आपल्या मुलांना यायला हवेत.

आता वाक्प्रचारांकडे वळू. इथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. 'सुतावरून स्वर्ग गाठणे' याचे शब्दशः इंग्रजी केले तर साहेब आकाशाकडे बघत बसेल. तसेच त्यांचेही आहे. 'टु स्पिन अ यार्न' म्हणजे शब्दशः सूत कातणे, पण अर्थ लांबलचक गोष्ट रंगवून सांगणे. आपण नाही का, कोणी फार लांबण लावली की 'चऱ्हाट वळतोय' म्हणतो? ते सूत कातत बसतात, आपण दोर वळत बसतो. 'टु हँग बाय अ थ्रेड' म्हणजे एका धाग्यावर लटकणे, अगदी आता तुटेल अशा अवस्थेत असणे. इंग्रजी वाक्प्रचार भेटला की आपल्या बोलीत त्याचा जोडीदार शोधावा. जोडी जमली की तो पाठ करावा लागत नाही.

आता वहीचे सांगतो. दिवसाला तीस नव्हे, पाच शब्द घ्या. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: अर्थ, कुळातले एक-दोन शब्द, जिथे भेटला ते वाक्य, आणि स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने ते पान पुन्हा उघडा. अर्थ झाकून आधी आठवून पाहा, मगच वाचा. थोडी तयारी झाली की इंग्रजी-मराठी कोशाबरोबर इंग्रजी-इंग्रजी कोशही जवळ ठेवा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. मुले आज आमच्यापेक्षा धीट आहेत, याचा आनंद आहे. मात्र एक विनंती. वहीतले ते चौथे वाक्य गाळू नका. आपले घर, आपले शेत, आई-बापाचे काम ज्या भाषेत नीट सांगता येत नाही, ती भाषा आली असे कसे म्हणावे?

माझी नवी वही मी उशिरा सुरू केली. तिच्या पहिल्या पानावर 'कार्ड' हा शब्द आहे. त्याच्यापुढे चौथ्या जागी लिहिले आहे, 'माय फादर कार्डेड कॉटन.' अब्बा तेव्हा हयात नव्हते. त्या वाक्यातला भूतकाळ मात्र मला कोणत्याही कोशात पाहावा लागला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)