रस्ता अडला, गाडी थांबली: हेर्त्सोगेनआउराखमधील नोकरदारांनी आंदोलनाच्या दिवशी काय जाणावे?

आडिडास, पूमा आणि शेफ्लर या कंपन्यांमुळे जगाला ठाऊक झालेल्या हेर्त्सोगेनआउराखला प्रवासी रेल्वे नाही. एर्लांगेनकडून येणाऱ्या छोट्या मार्गावरील प्रवासी वाहतूक १९८४ मध्ये थांबली. नियोजित ट्राम अद्याप कागदावरच आहे. त्यामुळे येथील मराठी अभियंता कामावर जावो, न्यूर्नबर्गच्या विमानतळावर जावो किंवा म्युनिकला, आरंभी त्याला बस किंवा मोटारच गाठावी लागते. आंदोलनाच्या दिवशी ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

जानेवारी २०२४ चा दुसरा आठवडा आठवावा. ८ तारखेला डिझेलवरील सवलत काढून घेण्याच्या निषेधार्थ शेतकऱ्यांनी जर्मनीभर ट्रॅक्टर रस्त्यावर आणले आणि अनेक ठिकाणी महामार्गांची प्रवेशद्वारे अडवली. १० तारखेच्या पहाटेपासून १२ तारखेच्या सायंकाळपर्यंत रेल्वेचालकांच्या जीडीएल संघटनेचा संप होता. एकाच आठवड्यात रस्ता आणि रूळ दोन्ही बेभरवशाचे झाले. दगडफेक किंवा जाळपोळ हे त्या आंदोलनाचे रूप नव्हते. मात्र जर्मन कामगार कायद्यानुसार घरापासून कार्यालयापर्यंत पोहोचण्याची जोखीम कर्मचाऱ्याची असते. नाकेबंदीमुळे उशीर झाल्यास त्या वेळेचे वेतन मागण्याचा हक्क सामान्यतः राहत नाही. म्हणून घरून काम करण्याची परवानगी आदल्या दिवशीच, आणि लेखी, मिळवलेली बरी.

महाराष्ट्रात ‘बंद’ पाहिलेल्या माणसाची सहजप्रवृत्ती येथे दोन्ही बाजूंनी चुकते. कोणी जमाव दिसताच घाबरतो, तर कोणी कुतूहलाने थांबून चित्रीकरण करू लागतो. बव्हेरियात सभा किंवा मोर्चाची सूचना, तो जाहीर करण्यापूर्वी किमान ४८ तास आधी प्रशासनाला द्यावी लागते. उत्स्फूर्त सभांना अपवाद आहे. त्यामुळे बहुतेक मोर्चांचा मार्ग आधीच ठाऊक असतो. न्यूर्नबर्गच्या गोस्टेनहोफ भागात १ मे रोजी निघणारा डाव्यांचा मोर्चा हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्या दिवशी त्या परिसरात मोटार उभी न करणे हाच सोपा उपाय आहे.

परदेशी नागरिकाला सहभागी होता येते का? जर्मन राज्यघटनेचे कलम ८ शांततापूर्ण सभेचा हक्क ‘सर्व जर्मनांना’ देते. बव्हेरियाचा २००८ चा सभा कायदा मात्र तो प्रत्येकाला देतो. निवास परवान्यावर राहणाऱ्याने शांत मोर्चात चालणे बेकायदा नाही. परंतु राजकीय हेतूने हिंसाचारात भाग घेणे हे निवास कायद्याच्या कलम ५४ नुसार देशाबाहेर काढण्याचे गंभीर कारण ठरते. सहकारी जर्मन असेल तर त्याला दंड होईल, तुरुंगवासही होईल, पण त्याचे येथील वास्तव्य धोक्यात येत नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

खरा धोका असतो तो पोलिसांनी सभा विसर्जित केल्यानंतरच्या काही मिनिटांत. ध्वनिक्षेपकावरील घोषणा जर्मन भाषेत होते. ‘आउफगेल्योस्ट’ म्हणजे सभा विसर्जित झाली. सहभागींनी तत्काळ निघून जाणे बंधनकारक आहे. ‘प्लात्सफरवाइस’ म्हणजे जागा सोडण्याचा आदेश. तो बघ्यालाही दिला जाऊ शकतो. स्टुटगार्टमध्ये ३० सप्टेंबर २०१० रोजी रेल्वे स्थानक प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावर पाण्याचा मारा झाला, तेव्हा शंभराहून अधिक लोक जखमी झाले आणि एका वृद्ध अभियंत्याची दृष्टी जवळजवळ गेली. बाजूच्या गल्लीने, न धावता, पोलिसांच्या रांगेकडे न जाता बाहेर पडावे. ओळख लपवण्यासाठी चेहरा झाकणे सभेत निषिद्ध आहे. थंडीत नाकावर आलेला मफलर तेवढ्यापुरता खाली घेतलेला बरा. पोलिसांचे खासगी संभाषण ध्वनिमुद्रित केल्यास दंडसंहितेच्या कलम २०१ खाली तक्रार होऊ शकते. न्यायालयांची मते या बाबतीत भिन्न आहेत, म्हणून तो प्रयोग आपल्यावर करू नये.

ताब्यात घेतले गेल्यास भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते; व्हिएन्ना कराराने तो हक्क दिला आहे. बव्हेरियासाठी तो दूतावास म्युनिकमध्ये आहे. निवास परवान्याचे कार्ड जवळ असावे आणि पारपत्राची प्रत फोनमध्ये. जर्मन भाषेतील कोणत्याही जबाबावर, अर्थ समजल्याशिवाय, सही करू नये.

विमानप्रवासात संप कोणाचा आहे ते पाहावे. विमान कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या संपामुळे उड्डाण रद्द झाल्यास युरोपीय नियमांनुसार भरपाईही मागता येते. विमानतळावरील सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या संपात ती सहसा मिळत नाही, तरी पर्यायी उड्डाण किंवा परतावा, तसेच थांबलेल्या काळातील जेवण व निवास यांचा हक्क राहतो. पावत्या जपाव्यात.

सुटीत मायदेशी गेल्यावर हिशेब बदलतो. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनात बीडमध्ये आमदारांची घरे जाळली गेली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. तेव्हा फोनमधील तिकिटाचा उपयोग नव्हता. अशा काळात मराठवाड्यातून मुंबईला विमानासाठी निघणाऱ्याने एक दिवस आधी निघावे, तिकीट कागदावर छापून घ्यावे आणि थोडी रोख रक्कम सोबत ठेवावी.