काशीतला मराठी पट्टा

ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरलो आणि वरच्या खिडकीतून खणखणीत हाक आली, "अगं, दूध उतू जातंय!" बनारसमध्ये!

दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा घाट ही इथली जुनी मराठी वस्ती. काही घरं पिढ्यान् पिढ्या इथलीच.

पंचगंगेवर घाई करू नका. तिथे अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जाणारा दगडी दीपस्तंभ आहे, अंगभर दिवे ठेवायच्या जागा असलेला. कार्तिक पौर्णिमेला तो उजळतो. आजचं विश्वनाथ मंदिरही त्यांचंच, १७८० सालचं. आणि संत एकनाथांनी भागवत पुरं केलं तेही काशीतच, १५७३ साली.

तिथून मणिकर्णिकेकडे चालत निघा. वाटेत नागपूरकरांचा भोसले घाट, मग शिंदे घाट. तिथलं कललेलं रत्नेश्वर मंदिर पाहाच. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्यात असतो. माझ्या मते गर्दीच्या आरतीपेक्षा हा टापू सरस.

नदी चढली की घाटांवरची वाट बंद होते, तेव्हा हिवाळ्यात जा. नावेपेक्षा पायीच बरं.

कुणी जाणार असाल तर कमेंटमध्ये विचारा, माहीत असेल ते सांगतो.