बालगंधर्व : आख्यायिकांच्या पलीकडे

चाहत्यांना वेड लावणारा नट म्हटला की आजच्या वाचकाला विसाव्या शतकाच्या मध्यावरचे हॉलिवुड आठवते. रॉय शेरर नावाच्या तरुणाला हेन्री विल्सन या नटांच्या मध्यस्थाने रॉक हडसन हे नाव दिले आणि पडद्यावरचा त्याचा प्रणयी चेहरा ठरवून घडवला गेला, ही त्या काळातील ठळक घटना. महाराष्ट्राने हे वेड चित्रपट बोलू लागण्याच्या कितीतरी आधी, गॅसबत्तीच्या उजेडातील रंगभूमीवर अनुभवले आणि त्याचा मानकरी होता स्त्रीच्या वेषात उभा राहणारा एक पुरुष. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७), यांच्याभोवती गेल्या शंभर वर्षांत इतक्या आख्यायिका जमल्या आहेत की त्यांच्या कलेमागचे शिक्षण, त्यांच्या व्यवसायाचे अर्थकारण आणि त्यांना घडवणारी माणसे, ज्यांत खानदेशातील एक गुरूही आहे, बहुतेकांना माहीतच नसतात.

पहिला आणि सर्वांत पक्का रुजलेला समज असा की त्यांचा गळा ही निव्वळ ईश्वरी देणगी होती. या समजाला आधार मिळतो तो नावाच्या कथेचा: १८९८च्या सुमारास पुण्यात या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही हकीकत त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या उद्गारापासून रंगभूमीवरील पदार्पणापर्यंत सुमारे सात वर्षे गेली, हे कथा सांगताना गाळले जाते. नारायणाच्या बालपणाची काही वर्षे जळगावात नातेवाइकांकडे गेली, तेथेच त्याने शाळेबरोबर मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवले आणि स्वरांची ओळख, आवाज लावण्याची रीत व तालाचे भान यांचा पाया या खानदेशी मुक्कामात घातला गेला. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही शहरात भरतो. एका थोर नटाला वाहिलेली दुरून आलेली आदरांजली, असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात. वास्तविक जळगावचा त्या नावावरचा हक्क विद्यार्थिदशेतला आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या हक्काइतकाच जुना आहे.

देणगीच्या समजाला छेद देणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या कानाचे दुखणे. ऐकू कमी येणारा गायकनट कोणत्याही मंडळीला नको असतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या तरुणाला उपचारासाठी मिरजेच्या मिशन रुग्णालयात पाठवले आणि त्यानंतर १९०५ मध्ये मिरजेतच किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’ नाटकात त्याने शकुंतला उभी केली. पुढे गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याच्याकडून अभिनय घटवून घेतला. देवल हे ‘शारदा’ नाटकाचे कर्ते म्हणून प्रसिद्ध असले तरी तालीममास्तर, म्हणजे नटाकडून वाक्य, हालचाल आणि मुद्रा बसवून घेणारा शिक्षक, या नात्याने त्यांची योग्यता तेवढीच मोठी होती. गाण्याच्या बाजूने भास्करबुवा बखले यांनी रागदारीचे संस्कार केले आणि ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाच्या चालीही त्यांच्याच होत्या. नाट्यपद, म्हणजे नाटकातील प्रसंगाला धरून येणारे रागदारी वळणाचे गाणे, गाताना शब्द न तोडता, लय ढळू न देता आणि पात्राची मनःस्थिती न सोडता ते फुलवत नेण्याची जी पद्धत पुढे गंधर्व गायकी म्हणून ओळखली गेली, तिच्या पाठीशी जळगावचे मेहबूब खाँ, देवल, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा अशी शिक्षकांची मोठी रांग आहे. देणगी होतीच, पण एवढ्या जणांनी हात लावल्याशिवाय तिचे असे सोने झाले नसते.

पुरुषाने स्त्रीचे काम करण्याची प्रथा बालगंधर्वांनी सुरू केली, हा समज तर तारखांनीच खोटा ठरतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून स्त्रीपार्ट पुरुषच करीत आले होते आणि किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला व सुभद्रा गाजवून ठेवल्या होत्या. भाऊराव १९०१ मध्ये वारले, मंडळीची ती जागा रिकामी झाली आणि त्या रिकाम्या जागेवर चार वर्षांनी नारायण राजहंस आले. स्त्रियांना तेव्हा रंगभूमीवर मुळीच जागा नव्हती, असेही नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, हिराबाई पेडणेकरांसारखी नाटककार स्त्री होती, मात्र प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या मंडळ्यांनी त्यांना आपल्या दाराबाहेर ठेवले होते, आणि बालगंधर्वांच्या कीर्तीचा विचार करताना या अन्यायाचा विसर पडू देणे योग्य नाही. पुरुषाने स्त्रीभूमिका गाजवण्याचे असे उदाहरण जगात अन्यत्रही आहे. चीनमध्ये मेइ लानफांग (१८९४–१९६१) हे पेकिंग ऑपेरातील स्त्रीभूमिकांसाठी जवळपास त्याच दशकांत देशाचे लाडके झाले आणि १९३० मध्ये त्यांनी अमेरिकेतही प्रयोग केले.

बालगंधर्वांची लोकप्रियता देखणेपणावर आणि भरजरी शालूंवर उभी होती, असे म्हणणारे अर्धेच सत्य सांगतात. त्यांचे पदर घेणे, केसांची ठेवण, फुले माळणे यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रियांनी केले, हे खरे आहे. स्त्रीच्या सौंदर्याचा मापदंड एका पुरुषाने घालून द्यावा, ही सांस्कृतिक इतिहासात दुर्मीळ ठरावी अशी घटना. पण राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात त्यांनी साकारलेली सिंधू आठवावी: व्यसनी नवऱ्यामुळे देशोधडीला लागलेली, फाटके ठिगळाचे लुगडे नेसलेली आणि जात्यावर बसणारी ती बाई होती. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यातील पदे गडकऱ्यांची समजली जातात, पण ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. जर आणि दागिने यांचा आधार काढून घेतल्यावरही प्रेक्षक त्याच ओढीने येत राहिले, यावरून त्या यशाचे मूळ कशात होते ते कळते.

‘मानापमान’च्या पहिल्या रात्रीची कथा बहुतेकांना पाठ असते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी दगावली आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका पार पाडली. घटना खरी, तिच्या सांगण्यात मात्र दोन चुका शिरल्या आहेत. एक, ही त्यांची स्वतःची मंडळी होती आणि तिकिटांचे उत्पन्न बुडू नये म्हणून त्यांनी प्रयोग केला, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्यक्षात ते तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळीत नट होते आणि गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली ती १९१३ मध्ये. दुसरी चूक म्हणजे त्या रात्रीच्या गाण्याचे सारे श्रेय गायकाला देऊन चाली बांधणाऱ्या टेंब्यांना विसरणे. बापाच्या दुःखाची मोजदाद कोणी बाहेरून करू नये. त्या काळच्या मंडळ्यांत ठरलेला प्रयोग मोडणे म्हणजे जाहीर झालेले नाटक पाहायला आलेल्या प्रेक्षकांशी केलेली प्रतारणा मानली जाई आणि प्रेक्षकांना ‘अन्नदाते मायबाप’ म्हणणाऱ्या या नटाने तो संकेत शब्दशः पाळला, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

केशवराव भोसले यांच्याशी त्यांचे हाडवैर होते, हाही असाच फुगवलेला समज. केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व या दोन मंडळ्यांत चुरस होती आणि प्रेक्षकांचे तट पडले होते, पण ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले, ज्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव अकाली गेले.

सर्वांत अन्यायकारक समज बालगंधर्वांच्या आर्थिक ऱ्हासाविषयीचा आहे. गोहरबाई कर्नाटकी यांच्या आगमनामुळे बालगंधर्वांचे वैभव लयाला गेले, हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आणि त्यात धर्माविषयीचा व स्त्रीविषयीचा पूर्वग्रह उघडपणे मिसळलेला होता. साल लावून पाहिले की हे टिकत नाही. मंडळी मोठ्या कर्जात सापडली ती १९२१च्या सुमारास, आणि गोहरबाई, म्हणजे गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी, मंडळीत आल्या त्या १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात. दोहोंमध्ये जवळपास दीड दशकाचे अंतर आहे. कर्जाची कारणे मंडळीच्या चालण्यातच होती. टेंबे आणि बोडस हे दोन्ही भागीदार बाहेर पडले, मालकीबरोबर हिशेबाचे ओझेही एकट्या राजहंसांवर आले आणि हिशेब हे त्यांचे बलस्थान कधीच नव्हते. खरे मखमली पडदे, उंची वस्त्रे, अत्तरे, अहमदजान तिरखवाँ यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी, शिवाय गावोगाव हिंडणाऱ्या बिऱ्हाडातील नट, वादक, आचारी, रंगपटाची माणसे या साऱ्यांचा खर्च रोजच्या तिकिटविक्रीतून भागवायचा होता. श्रीमंत चाहत्यांची मदत घेऊन मोकळे होण्याऐवजी त्यांनी पुढील काही वर्षे प्रयोग करून ते कर्ज फेडले, ही गोष्ट त्यांच्या उधळपट्टीच्या कथांइतक्याच आवडीने सांगितली जायला हवी.

या अर्थकारणात खानदेशाचे स्थान समजून घेण्यासारखे आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, एकाचे मुख्य ठिकाण जळगाव आणि दुसऱ्याचे धुळे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा वऱ्हाड-नागपूरकडे जात होता, चाळीसगावहून धुळ्याला फाटा होता आणि तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेरमार्गे सुरतेशी दळणवळण होते. नेपथ्याच्या पेट्या, पेट्या-तबले आणि शंभरएक माणसे घेऊन फिरणाऱ्या कोणत्याही मंडळीला रेल्वेचे असे जाळे आणि कापसाच्या व्यापारातून आलेला पैसा हवाच असे. संगीत नाटक ही फक्त पुण्या-मुंबईची चैन होती, हे म्हणूनच पटत नाही. कापसाचा हंगाम संपल्यावर खानदेश-वऱ्हाडच्या पेठांतून तिकिटाला पैसे मोजणारा प्रेक्षक या कलेचा खरा पोशिंदा होता.

मंडळीच्या ऱ्हासाचे मोठे कारण पडद्यावरून आले. ‘आलम आरा’ हा बोलपट १९३१ मध्ये आणि ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये झळकला. कमी तिकिटात गाणे, नाच आणि खरी स्त्री पाहण्याची सोय झाली. १९३३च्या जुलैमध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, ज्यात स्त्रीभूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी केल्या, आणि रंगभूमीवरही चव बदलली. बालगंधर्वांचे वय त्या वेळी पंचेचाळीस होते. ते बदलायला तयार नव्हते, असा आरोप होतो. तरीही १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी संत एकनाथ साकारले, ती पुरुषभूमिका होती. दोन वर्षांनी बाबूराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. त्यांचे गाणे समोर बसलेल्या माणसाच्या दादेवर वाढत असे आणि वन्समोअरला तेच पद प्रत्येक वेळी नव्याने उलगडे. छायाचित्रणासाठी तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या कामात त्याला वावच नव्हता, म्हणून ते रंगभूमीकडे परतले. तेथे आता गोहरबाई स्त्रीभूमिका करीत आणि ते पुरुषभूमिका. १९५१ मध्ये दोघांनी विवाह केला आणि मंडळीच्या पडत्या काळात या स्त्रीने आपला गळा व पैसा त्याच संसारात ओतला.

शेवटी बालगंधर्व विस्मृतीत गेले, या समजात त्यांच्या हलाखीचे सत्य असले तरी समाजाने पाठ फिरवली हे खरे नाही. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी त्यांच्याच उपस्थितीत झाली आणि १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. रंगमंदिराचे उद्‌घाटन मात्र २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या निधनाला वर्ष होत आले असताना झाले.