आईची तिसरी लस कोणती?

आई-वडील इंदूरच्या रामबागेत आणि मुलं पुण्यात किंवा अमेरिकेत, अशी मराठी घरं बरीच. करोनासाठी कोविशील्ड किंवा कोवॅक्सिन झालेल्यांना तिसरा डोस कॉर्बेवॅक्सचा चालेल, असं ऑगस्ट 2022 मध्ये ठरलं आणि फोनवर एकच प्रश्न सुरू झाला: “आईला वेगळी लस द्यायची का?” तोवर आधीचीच लस पुन्हा, असा नियम होता.

कोविशील्डमध्ये चिंपांझीचा निरुपद्रवी केलेला विषाणू करोना विषाणूवरच्या काट्यासारख्या प्रथिनाची कृती आपल्या पेशींत पोचवतो. शरीर या वाहक विषाणूलाही ओळखू लागतं, त्यामुळे पुढच्या डोसचा जोर कमी पडू शकतो. कॉर्बेवॅक्समध्ये वाहकच नाही. काट्याचा पेशीला चिकटणारा तुकडा थेट टोचतात.

पण लस बदलणं सुरक्षित का? उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगरला मे 2021 मध्ये काही गावकऱ्यांना चुकून कोविशील्डनंतर कोवॅक्सिन दिली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यांतल्या 18 जणांचं रक्त तपासलं. गंभीर त्रास कुणालाच नव्हता, प्रतिपिंडंही चांगली वाढलेली. आकडा लहान, पण धीर देणारा.

म्हणून तेव्हा सल्ला असा होता: मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून वेगळी लस टाळू नये. आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी आली असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगावं. दुसऱ्या डोसला सहा महिने झाले असतील, तर आवडत्या लसीची वाट पाहण्यात सत्तरीतल्या माणसाचा धोकाच वाढत होता.